कॉन्फरन्सच्या स्टॉलवर औषधाचं साहित्य लावताय? या चुका टाळा

शुक्रवारी संध्याकाळी सहाला मेल येतो. "रविवारी डॉक्टरांची कॉन्फरन्स आहे, स्टँडी (स्टॉलवरचा उभा फलक) प्रिंटला टाकायचीय, फक्त लोगो हलवलाय, लगेच ओके द्या." औषध कंपनीचं असं प्रचारसाहित्य तपासून मंजुरी देणं हे माझं काम. नुसता लोगो हलवलेलं आर्टवर्क मी आजवर पाहिलेलं नाही. लोगोला जागा करताना कुणीतरी तळटीप उडवलेली असते, नाहीतर एखादं वाक्य 'सुटसुटीत' केलेलं असतं. म्हणून जुनी मंजूर प्रत आणि नवी प्रत कागदावर शेजारी ठेवते आणि ओळीखाली पट्टी धरून वाचते. वेळ लागतो. लागू दे.

सगळ्यात महागात पडते ती स्क्रीनवर बघून दिलेली मंजुरी. एका कॉन्फरन्सच्या पॅनेलचं पीडीएफ मी स्वतः तपासलं होतं. जेनेरिक नाव, डोस, दुष्परिणाम, खबरदारी, मजकूर शेवटचा तपासल्याची तारीख, सगळं तळाशी नीट होतं. सकाळी स्टॉलवर पोचले तर पॅनेलपुढे टेबल आणि टेबलाला जमिनीपर्यंत झालर! दिसत होता तो फक्त आलेख आणि त्यावरचा ठळक आकडा. आकड्याला तळटिपेची खूण (*) होती, पण तो अभ्यासातल्या एका उपगटापुरताच आहे हे सांगणारी तळटीप झालरीमागे. एका ज्येष्ठ डॉक्टरांनी वाकून झालर बाजूला केली आणि विचारलं, "मॅडम, दुष्परिणाम वाचायला गुडघे टेकायचे का?" टेबल हलवायला आयोजक तयार होईनात. शेवटी अर्धा दिवस पॅनेलचं तोंड भिंतीकडे होतं. ब्रँड मॅनेजर म्हणाले, "पण मंजुरी होती ना?" होती. पीडीएफला होती.

तेव्हापासून स्टॉलचा आराखडा आणि टेबलाची उंची हातात आल्याशिवाय मी सही करत नाही. टेबलाच्या उंचीखाली मजकूर नको. तळटिपांचा भाग खऱ्या मापात छापून भिंतीला चिकटवते आणि दोन पावलं मागे उभी राहून वाचते. चष्मा लावूनही वाचता आला नाही, तर आर्टवर्क परत.

दुसरं दुखणं दोन शब्दांचं, 'सुरक्षित' आणि 'नवीन'. १२ मार्च २०२४ च्या यूसीपीएमपी संहितेत, म्हणजे औषधांच्या प्रचारासाठीच्या सरकारी आचारसंहितेत, दोन्हींवर स्पष्ट बंधन आहे. 'सुरक्षित' नुसतं लिहायचं नाही. कोणत्या रुग्णांत, किती डोसला, किती काळ, हे सोबत हवं. 'दुष्परिणाम नाहीत' तर लिहायचंच नाही. भारतात वर्षाहून जास्त काळ सर्रास मिळणाऱ्या औषधाला 'नवीन' म्हणता येत नाही. तरी दर सीझनला कुणीतरी म्हणतंच, "पॅक नवीन आहे हो!" मग 'नवीन पॅक' लिहा आणि 'नवीन' हा शब्द 'पॅक'पेक्षा मोठा करू नका. ही युक्ती आम्हालाही कळते.

बाकीचं थोडक्यात. तुलनेत दुसऱ्या कंपनीचं ब्रँडनाव तिच्या संमतीशिवाय नको. डॉक्टरांचा फोटो किंवा नाव प्रचारसाहित्यात नको, मग ते डॉक्टर कितीही आनंदानं तयार असोत. विक्रीपरवाना अजून आलेला नसेल तर 'लवकरच येत आहे'ची स्टँडीही नको. वक्त्याच्या स्लाइड्स कंपनीनं करून दिल्या असतील, तर "त्या डॉक्टरांच्या आहेत" हे मला सांगू नका. संदर्भ लिहिताना मूळ पेपर उघडून आकडा शोधा. गेल्या वर्षीच्या एलबीएलवरून (डॉक्टरांकडे ठेवून यायच्या माहितीपत्रकावरून) उचललेला संदर्भ मी लगेच ओळखते.

आणि कॉन्फरन्स संपल्यावर स्टँडी एरिया ऑफिसला पाठवू नका. माहिती बदलते, मंजुरीची मुदत संपते, आणि वर्षभरानं तीच स्टँडी दुसऱ्या शहरात उभी दिसते. शेवटच्या दिवशी मीच मार्कर घेऊन मजकुरावर आडवी जाड रेघ मारते. एरिया मॅनेजर हळहळतात, "अहो मॅडम, केवढे पैसे गेलेत छपाईला!"