गेम आर्टमध्ये येताय? ऑफर लेटरवर सही करायच्या आधी हे वाचा

रिझल्टचा सीझन आला की ओळखीपाळखीतून मेसेज सुरू होतात. "दादा गेमिंगमध्ये यायचंय, ब्लेंडर शिकू का माया?" अरे बाबांनो, दोन्ही थ्रीडी मॉडेल बनवायचीच सॉफ्टवेअर, काहीही शिका. ब्लेंडर फुकट आहे, त्यावर हात बसला की माया यायला फार वेळ लागत नाही. मॉडेल रंगवायचं सबस्टन्स पेंटर मात्र यायलाच पाहिजे आणि अनरील या गेम इंजिनमध्ये सीन लावून लाइट करता आला पाहिजे. सॉफ्टवेअरचा विषय संपला, यावर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये दोन दोन तास भांडायची खरंच गरज नाही.

मी एन्व्हायर्नमेंट आर्टिस्ट आहे, म्हणजे भिंती, दरवाजे, खोकी, गंजलेले पाइप. हीरो दुसरंच कोणीतरी बनवतं. त्यामुळे जे लिहितोय ते आर्टच्या बाजूने आहे, प्रोग्रामिंगवाल्यांनी त्यातलं आपल्या कामाचं तेवढं घ्या.

एक गोष्ट आधीच डोक्यात फिट करा. आपल्याकडे गेमचं काम म्हणजे बऱ्याचदा बाहेरच्या कोणाच्या तरी गेमचं काम. बंगळुरूची ध्रुव इंटरॅक्टिव्ह १९९७ मध्ये सुरू झाली, परदेशी स्टुडिओंची कामं करत मोठी झाली आणि २०१९ मध्ये 'जीटीए'वाल्या रॉकस्टारकडे गेली. पुण्यात युबीसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीचा स्टुडिओ २००८ पासून आहे. स्वतःचे गेम बनवणारेही आहेत, 'राजी' हा गेम पुण्याच्याच नॉडिंग हेड्सने २०२० मध्ये आणला, सुपरगेमिंगही पुण्याचीच. पण अशा टीममध्ये फ्रेशरसाठी जागा किती निघणार? पहिली नोकरी बहुतेकांना आउटसोर्सिंगमध्येच मिळते, मलाही तिथेच मिळाली, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही कारण हात तिथेच तयार होतो.

कसा तयार होतो ते सांगतो. मी एक साधं लोखंडी पिंप बनवलं होतं. माझ्या मते झकास. लीडने, म्हणजे टीमच्या सीनियर आर्टिस्टने, परत पाठवलं, झाकणाच्या कडेला बारीक काळी रेघ दिसतेय म्हणून. मी टेक्स्चरमध्ये, म्हणजे मॉडेलवर चढवलेल्या चित्रात, शोधत बसलो आणि भानगड यूव्हीमध्ये होती, म्हणजे ते चित्र चढवण्यासाठी मॉडेल उलगडून सपाट करतात त्यात. कडेला हार्ड एज (धारदार कड) दिली होती पण तिथे यूव्ही कापलाच नव्हता. हार्ड एज आली की यूव्ही तिथे तुटायला हवा आणि दोन तुकड्यांमध्ये पॅडिंग (मोकळी जागा) हवं, नाहीतर नॉर्मल मॅप (बारीक उठाव दाखवणारं टेक्स्चर) बेक, म्हणजे तयार, केल्यावर सीम, म्हणजे जोडाची रेघ, दिसणारच, आणि पॅडिंग कमी पडलं तर कॅमेरा लांब गेल्यावर शेजारच्या तुकड्याचा रंग कडेवर उतरतो. माझ्या क्लासमध्ये हे कोणी सांगितलं नव्हतं, तिथे सगळा भर शेवटचा रेंडर (मॉडेलचं तयार चित्र) चकाचक दिसण्यावर. "शंभर टक्के प्लेसमेंट" लिहिलेल्या क्लासबद्दल माझं मत याच्यावरून ओळखा.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते.

जॉइन होताना एचआरने कागदांचा गठ्ठा दिला, मी आनंदात सह्या ठोकल्या. घरी पेढे वाटून झाले होते, वाचतोय कोण! त्यात एनडीए, म्हणजे कामाबद्दल बाहेर काही न सांगण्याचा करार, होता. एनडीए असतोच, सगळीकडे असतो, त्याला माझी ना नाही. पण त्याचा अर्थ काय होतो हे मला कळायला पुढची नोकरी शोधायची वेळ यावी लागली. बनवलेलं काम दाखवता येत नाही, गेमचं नावही घेता येत नाही, आणि मोठा गेम बाहेर यायला काही वर्षं सहज जातात. तोपर्यंत तुमचा आर्टस्टेशन (आर्टिस्ट लोक पोर्टफोलिओ टाकतात ती साइट) जिथे सोडला होता तिथेच. कधी कधी गेम येतच नाही. युबीसॉफ्टच्या पुणे-मुंबईच्या स्टुडिओंकडे असलेला 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चा रीमेक आठवतोय ना, २०२० मध्ये गाजावाजा करून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये काम इथून कॅनडात मॉन्ट्रियलला गेलं. एवढ्या मोठ्या नावाचं असं होतं, तर ज्यांची नावंही बाहेर येत नाहीत असे किती प्रोजेक्ट मधेच बंद पडत असतील, विचार करा.

मग मी इंटरव्ह्यूला गेलो. बायोडेटावर अनुभव आहे पण पोर्टफोलिओत काय, तर क्लासमधली एक खोली आणि शिकताना केलेली तलवार. समोरच्याने विचारलं, मधल्या काळात काय केलं? मी म्हटलं एनडीए आहे. तो म्हणाला हो, समजतं, आणि पुढच्या मिनिटाला इंटरव्ह्यू संपला. त्याचंही बरोबर आहे, न दिसलेल्या कामावर पगार कसा ठरवणार?

बरं, मग म्हणाल घरी रात्री बसून स्वतःचं करायचं. इथे दुसरा खड्डा. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम मालकाचं होतं, वेगळं काही ठरलेलं नसेल तर. ठीक आहे, पगार घेतोय. पण माझ्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये नोकरीच्या काळात केलेली कुठलीही निर्मिती कंपनीची, असं वाक्य होतं. कुठलीही! म्हणजे रविवारी घरच्या लॅपटॉपवर बनवलेली खुर्चीसुद्धा. असं कलम कोर्टात किती टिकतं ते वकिलाला विचारा, माझं म्हणणं एवढंच की त्या वाक्याच्या धाकाने मी काहीच अपलोड केलं नाही आणि नुकसान व्हायचं ते झालंच.

तिसरं म्हणजे क्रेडिट्स. गेम आला, मी शेवटची पाटी संपेपर्यंत बघत बसलो, आमच्या कंपनीचं नाव एका ओळीत येऊन गेलं, आमच्यापैकी एकाचंही नाव नाही. कोणाला क्रेडिट द्यावं याबद्दल आयजीडीए या गेम बनवणाऱ्यांच्या संघटनेच्या सूचना आहेत, पण त्या पाळायची सक्ती कोणावर नाही.

घाबरू नका, हे सगळं विचारून घेता येतं. फक्त सही करायच्या आधी विचारा, नंतर तुमचा मेल कोणी उघडत नाही. गेम रिलीज झाल्यावर मी माझं काम दाखवू शकतो का, आणि दाखवायचं तर मॉडेलचे रेंडर चालतील का फक्त गेममधले स्क्रीनशॉट? क्रेडिट्समध्ये आर्टिस्टची नावं जातात का? स्वतःच्या वेळात, स्वतःच्या मशीनवर, कंपनीच्या प्रोजेक्टशी संबंध नसलेलं काम मी पोर्टफोलिओला टाकू शकतो का? तिन्ही उत्तरं मेलवर घ्या. तोंडी "अरे टाक रे, कोण बघतंय" म्हणणारा मॅनेजर पुढच्या वर्षी त्या कंपनीत नसतो. मी पुढच्या नोकरीत विचारलं तेव्हा एचआर बाईंनी दोन ओळींचा मेल लगेच पाठवला, त्यांच्या लेखी ते अगदी किरकोळ काम होतं.

आणि हो, शहाणपणा करून पासवर्ड लावलेल्या लिंकवर एनडीएचं काम दाखवू नका. ते लीकच. गेम आर्टवाल्यांचं वर्तुळ छोटं आहे, तुमचा इंटरव्ह्यू घेणारा तुमच्या लीडचा जुना रूममेट निघू शकतो.

परवानगी मिळाली की वर्षाला दोन-तीन पीस पुरतात, पण पूर्ण झालेले. साय-फाय कॉरिडॉर नको, तो सगळ्यांकडे असतो. एसटी स्टँडवरचं पाण्याचं टाकं करा, जुन्या वाड्याचा दिंडी दरवाजा करा, प्रत्यक्ष जाऊन टेप लावून मापं घ्या, लाकूड कुठे झिजलंय आणि शेंदूर कुठे लागलाय त्याचे जवळून फोटो काढा. पिंटरेस्टवरून उचललेल्या रेफरन्सपेक्षा हे शंभर पटीने बरं. रेंडरसोबत वायरफ्रेम (मॉडेलची रेघांची जाळी) आणि यूव्ही पण टाका, लीड लोक आधी तेच बघतात. एआयने इमेज काढून पोर्टफोलिओत घालणाऱ्यांना एवढंच सांगतो, वायरफ्रेम मागितला की काय करणार?

मेंटॉरबद्दल विचारतात सगळे. टेलिग्रामवर मेंटॉरशिप विकणाऱ्याला पहिला प्रश्न, तुमचं काम असलेला कुठला गेम बाहेर आलाय? (एनडीए आहे म्हणाला तर, हा हा, निदान हा लेख पाठवा.) मला ज्यांनी शिकवलं त्यांनी एक रुपया घेतला नाही, स्क्रीनशॉटवर लाल रेघा मारून परत पाठवायचे, बस.

मार्केट वाईट आहे, खोटं कशाला बोलू. २०२३-२४ मध्ये जगभर स्टुडिओंनी माणसं काढली. त्यात रमी-तीनपत्तीवाल्या कंपन्या आपल्याकडच्या बऱ्याच आर्टिस्टना पोसत होत्या, ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आली आणि ती मंडळीही आता त्याच जागांसाठी अर्ज करतायत. पहिल्या नोकरीला वेळ लागेल, तेवढ्यात घरून बँकेच्या परीक्षेचा फॉर्म आणून ठेवतील, भरून टाका, फॉर्म भरल्याने कोणी क्लार्क होत नाही. तरीही यूव्ही नीट असलेला फ्रेशर अजून मिळत नाही, असं लीड लोक आजही कुरकुरतात, हे मी रोज ऐकतो.

आर्ट टेस्ट, म्हणजे नोकरी द्यायच्या आधी परीक्षा म्हणून बनवायला दिलेलं मॉडेल, आली तर त्यातही तोच प्रश्न. सिलेक्ट झालो नाही तर हे मॉडेल माझ्या पोर्टफोलिओत टाकू शकतो का, हे टेस्ट सुरू करायच्या आधी मेलवर विचारा. चालेल म्हणाले तर जीव ओतून करा. नाही म्हणाले आणि वर आठवडाभराचं काम मागत असतील, तर मी तरी करत नाही, तुमचं तुम्ही ठरवा.