ऑपरेशन झालंय, तरी पाळी चुकली? या चुका टाळा

कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशननंतर पहिल्या वर्षात हजारात साधारण ५ बायकांना दिवस जातात. दरवेळी त्यात कुणाची चूक असतेच असं नाही, पण टाळता येण्याजोगी कारणंही आहेत.

सर्वात सहज टळणारं कारण म्हणजे ऑपरेशनच्या दिवशी आधीच गर्भ असणं. गणपतीला नवरा मुंबईहून आला आणि पंधरवड्यात ऑपरेशन झालं, तर लघवीची तपासणी निगेटिव्ह येऊनही गर्भ असू शकतो. म्हणून पाळी सुरू झाल्यापासून ७ दिवसांच्या आत या, आणि तारीख अंदाजे सांगू नका. बाळंतपणानंतर टाक्याचं ऑपरेशन ७ दिवसांत होतं. ते दिवस हुकले तर ६ आठवडे थांबावं. ताज्या बाळंतिणीची गर्भनळी सुजलेली, जाड असते, तिच्यावर दुर्बिणीतून नळी बंद करणारी रिंग नीट बसत नाही.

टेबलावरची मोठी चूक म्हणजे नळी सोडून भलतंच काही उचलणं. गर्भनळीच्या शेजारीच गर्भाशयाचा गोल बंध असतो; छोट्या छेदातून तो नळीसारखाच दिसतो. आधीच्या सिझेरियनने आत सगळं चिकटलेलं असेल तर फसगत आणखी सोपी. खात्रीचा मार्ग एकच: चिमट्याने नळी धरत टोकाच्या झालरीपर्यंत जायचं, मगच बांधायचं, दोन्ही बाजूंना. नळीचा वेटोळा विरघळणाऱ्या दोऱ्यानेच बांधायचा, वरचा सुमारे १ सेंमी तुकडा कापायचा. दोरा विरघळला की टोकं दूर सरकतात. पक्का दोरा ती जवळ धरून ठेवतो.

एवढं करूनही नळी कधी जुळते, कधी काही वर्षांनीसुद्धा. तिशीच्या आत ऑपरेशन झालेल्यांत हे जास्त दिसतं.

घरची चूक मात्र जिवावर बेतते. ‘ऑपरेशन झालंय, लावणीच्या दगदगीने पाळी लांबली असेल’ म्हणत महिना काढू नका. अशा गर्भांपैकी सुमारे एक तृतीयांश नळीतच वाढतात आणि नळी फुटते. आशाताईंकडचं निश्चय किट फुकट मिळतं. सकाळच्या पहिल्या लघवीवर तपासा. दोन रेघा आल्या तर त्याच दिवशी सोनोग्राफी. ओटीपोटात एका बाजूला कळ, अंगावरून थोडं रक्त, घेरी, खांदा दुखणं यातलं काही असेल तर सकाळच्या एसटीची वाट न बघता १०८ ला फोन करा.

ऑपरेशनचं प्रमाणपत्र महिनाभराने किंवा पहिल्या पाळीनंतर मागून घ्या. सरकारी योजनेतल्या भरपाईसाठी ते लागतं, आणि अर्जाची मुदत गर्भ असल्याचं कळल्यापासून ९० दिवस असते.