येऊरला आणि घोडबंदर रोडला एकच टायर

माझी सायकल आठवडाभर घोडबंदर रोडच्या सर्व्हिस रोडने कामाला जाते आणि रविवारी उपवनवरून येऊरचा चढ चढते. ठाण्यात बहुतेकांचं असंच असतं. बरंचसं अंतर डांबर, काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉकचं, थोडंसं पाड्यांकडच्या लाल मातीचं. म्हणून टायर डांबराला धरून निवडा, मातीची सोय त्यात बसवा. दुकानात जाडजूड बटण टायर, म्हणजे रबराच्या उंच गाठींचा, बघून मन तिकडेच ओढ घेतं, पण तो डांबरावर घूं घूं करत जड चालतो आणि त्याची मधली बटणं भराभर झिजतात.

मी सेमी-स्लिक घ्यायला सांगेन: मध्ये जवळजवळ सपाट, कडेला बटणं. सरळ रस्त्यावर सपाट पट्टा टेकतो, मातीत वळताना कडा रुततात. नक्षी कमी म्हणून पावसात डांबरावर घसरेल, ही भीती सोडा. सायकलचा टायर अरुंद आणि वेग कमी, त्यामुळे तो पाण्यावर तरंगत नाही. तिथे पकड येते ती रबरातून. ओला पांढरा पट्टा आणि गटाराचं लोखंडी झाकण यांवर मात्र कुठल्याच टायरचा भरवसा नाही. सरळ जा, ब्रेक दाबू नका. चिखलात बटणं हवीतच, तीही सुटी सुटी. दाट असली की चिकट माती अडकून सगळा टायर गुळगुळीत होतो.

आता माप. जुन्या टायरच्या बाजूवर ४०-६२२ असा आकडा असतो. पहिला रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा रिमचा, आणि तो तंतोतंत जुळायलाच हवा. ७००सी आणि २९ इंची ही दोन्ही चाकं ६२२, साडेसत्तावीस इंची ५८४, जुन्या २६ इंची एमटीबी (माउंटन बाईक) ५५९. रुंदी ३८ ते ४२ घ्या. पेव्हर ब्लॉकच्या फटीत बारीक टायर अडकतो, हा नाही अडकत. फक्त फ्रेम, फोर्क आणि ब्रेकपासून दोन्ही बाजूंनी पाच-सहा मिलिमीटर जागा मोकळी राहते का ते बघा. पंक्चररोधक पट्टा असलेलाच घ्या. काचा आणि बाभळीचे काटे दोन्ही भेटतात.

निम्मं काम हवेचं. सत्तर किलोच्या माणसाला ४० मिमी टायरमध्ये मागे ४५ आणि पुढे ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) इथून सुरुवात करावी, मातीवर उतरताना आठेक कमी करावी. टायरवर छापलेली मर्यादा ओलांडू नका. फारच कमी हवा ठेवली तर दगडावर आपटून ट्यूब रिममध्ये चिमटते आणि साप चावल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोकं पडतात.

मागचा टायर आधी झिजतो. तेव्हा पुढचा मागे टाका आणि नवा पुढे बसवा, कारण मागचं चाक घसरलं तर बहुधा सावरता येतं, पुढचं घसरलं की माणूस खाली. बसवताना बाजूवरचा दिशेचा बाण बघून घ्या.