टॉर ब्राउझर वापरताय? मग या चुका टाळा

परवा मावसबहीण लॅपटॉप घेऊन आली. तिला एका आजाराबद्दल वाचायचं होतं आणि ते घरी किंवा ऑफिसात कुणाला कळायला नको होतं. आपण कोण, कुठून बघतोय हे साइटपासून लपवणारा टॉर ब्राउझर तिने स्वतःच डाउनलोड केला होता. 'कनेक्ट' दाबलं आणि मी काही म्हणायच्या आत जीमेलमध्ये लॉगिन! लगेच फोनवर इशारा आला, परदेशातून कुणीतरी तुमचं खातं उघडतंय. "अगं, कोण आलंय ते गूगलला तूच सांगितलंस की," मी म्हटलं.

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. टॉर तुमची इंटरनेटवरची ये-जा तीन रिलेंमधून, म्हणजे मधल्या तीन सर्व्हरमधून, फिरवतो. पहिल्याला तुमचा आयपी पत्ता (इंटरनेटवरची तुमच्या जोडणीची ओळख) कळतो, पण तुम्ही कुठे चाललात ते कळत नाही. शेवटच्याला साइट कळते, तुम्ही कळत नाही. स्वतःच्या नावाने लॉगिन केलंत की त्या साइटपुरती ही सगळी मेहनत वाया जाते.

इन्कॉग्निटो, म्हणजे नेहमीच्या ब्राउझरची खाजगी खिडकी, म्हणजे टॉर नव्हे. त्यात फक्त तुमच्या यंत्रावर हिस्टरी राहत नाही, ऑफिसच्या वायफायवाल्याला साइटचं नाव दिसतंच. व्हीपीएन, म्हणजे तुमचं सगळं इंटरनेट स्वतःच्या सर्व्हरमधून नेणारी सेवा, घेतलं तर सगळा विश्वास एकाच कंपनीवर टाकावा लागतो. ग्राहकांची नावं-पत्ते 5 वर्षं जपून ठेवा, असा आदेश 2022 मध्ये सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना दिला, हे पैसे भरण्याआधी लक्षात घ्या.

साइटच्या पत्त्याच्या सुरुवातीला 'एचटीटीपीएस' (म्हणजे मजकूर कुलूपबंद होऊन जातो) नसेल तर काहीही टाइप करू नका. 2007 मध्ये स्वीडनच्या डॅन एगरस्टाडने टॉरचे काही शेवटचे रिले स्वतः चालवले आणि कितीतरी दूतावासांच्या ईमेलचे पासवर्ड त्याच्या हाती लागले. त्यात भारतीय दूतावासाचेही होते. टॉर तुटला नव्हता. शेवटच्या रिलेपासून पुढे मजकूर उघडाच जात होता आणि टॉर आहे म्हणजे सगळं झाकलेलं आहे, अशी वापरणाऱ्यांची समजूत होती. मला ही गोष्ट अजून अस्वस्थ करते.

ब्राउझरला जोडायची जादा एक्स्टेंशन टाकू नका. सगळ्यांचा ब्राउझर सारखा दिसण्यातच खरी लपण्याची सोय आहे, एका एक्स्टेंशनने तुम्ही गर्दीतून वेगळे उठून दिसता. पानाभोवतीच्या करड्या कडाही त्यासाठीच असतात, तो बिघाड नाही. टॉरवरून टॉरेंट तर नकोच, त्यात खरा आयपी बाहेर पडू शकतो. उतरवलेली पीडीएफ किंवा वर्डची फाइल इंटरनेट बंद करून उघडा.

कनेक्ट होत नसेल तर आधी घड्याळ बघा. तारीख किंवा टाइमझोन चुकला असेल तर टॉर अडून बसतो. घड्याळ बरोबर असेल आणि नेटवर्कच अडवत असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन स्नोफ्लेक ब्रिज, म्हणजे टॉरपर्यंत पोचायची आडवाट, निवडा. एखादी साइट सारखी कॅप्चा विचारत असेल तर त्या साइटसाठी नवं सर्किट, म्हणजे रिलेंचा नवा मार्ग, घ्या.

बहिणीला मी वरचं झाडूचं चित्र दाखवलं, 'न्यू आयडेंटिटी'चं. तिने ते दाबलं, सगळे टॅब मिटले. मग कुठेही लॉगिन न करता ती नव्याने वाचायला बसली आणि मी चहा टाकायला उठले.