मोबाईल ॲपमधून क्लाउडवर मजकूर पाठवताना या चुका टाळा

दापोली-चिपळूणकडच्या नव्या मुलांची ॲप्स माझ्याकडे तपासायला येतात. कुणी फ्लटर हे साधन वापरून लिहितं, कुणी कोटलिन या भाषेत. चुका मात्र त्याच. मुळाशी समजही एकच: नुसता मजकूर तर पाठवायचाय, त्यात काय बिघडणार?

सगळ्यात जास्त छळणारी चूक म्हणजे अक्षरं आणि बाइट (साठवणीचं माप) एकच धरणं. यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे अक्षरांचे बाइट करण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, इंग्रजी अक्षर 1 बाइट घेतं, देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह 3. 'कोकण' आपल्याला तीन अक्षरी. कोडच्या लेखी ओकार धरून 4 चिन्हं, म्हणजे 12 बाइट.

हर्णै बंदरातल्या मासळी लिलावाच्या नोंदी ठेवणारं एक ॲप आम्ही 1 जून ते 31 जुलैच्या मासेमारी बंदीत तयार केलं. चाचणी सगळी इंग्रजी शब्दांवर, सगळं सुरळीत. ऑगस्टमध्ये होड्या गेल्या आणि पहिल्याच संध्याकाळच्या याद्या क्लाउडवर अर्ध्यामुर्ध्या पोचल्या. वरची पापलेट, सुरमई होती. खालचा बांगडा, कोळंबी गायब, आणि शेवटी काळ्या शंकरपाळ्यात एक प्रश्नचिन्ह. दोन दिवस आम्ही बंदरावरच्या रेंजला दोष देत बसलो. दोष कोडच्या एका ओळीत होता: मजकुराचे बाइट बरोबर केले होते, पण त्यांतले किती लिहायचे हा आकडा स्ट्रिंगच्या (मूळ मजकुराच्या) लेन्थवरून, म्हणजे चिन्हांच्या संख्येवरून, घेतला होता. म्हणजे 'कोकण'च्या 12 बाइटांपैकी 4 लिहिले जाणार: एक अख्खा 'क' आणि ओकाराचा एक तृतीयांश हिस्सा. त्या तुटक्या हिश्श्याच्या जागी ते प्रश्नचिन्ह दिसतं.

तेव्हापासून एकदा बाइट केले की मी मूळ स्ट्रिंगकडे परत जात नाही. लांबी विचारायची ती बाइटच्या ॲरेला, म्हणजे त्या बाइटच्या यादीला. चाचणीचं वाक्यही ठरलेलं आहे: 'दुसऱ्या धक्क्यावर 12 टोपल्या बांगडा'. पाठवायचं, परत उतरवून घ्यायचं, बाइटला बाइट ताडून पाहायचं. इंग्रजी 'hello' पाठवून खूश होणाऱ्यांना मी आता घरी परत पाठवतो.

फाईलसोबत कंटेंट टाइप (आत काय आहे ते सांगणारी खूण) द्या आणि त्यात यूटीएफ-8 हा कॅरसेट, म्हणजे अक्षरांची पद्धत, लिहा, नाहीतर ब्राउझर स्वतःच्या अंदाजाने मराठीचा चुथडा करू शकतो.

फाईलच्या नावात 12/08 अशी तारीख टाकू नका. त्या तिरक्या रेघेने फोल्डर पडतात.

नाव मराठीत तर नकोच. 'ऱ' एका चिन्हानेही लिहिता येतो, 'र' खाली नुक्ता देऊनही. डोळ्याला सारखा, क्लाउडला दोन वेगळ्या फायली.

आता रेंज. ऑफिसच्या वायफायवर अपलोड झालं की काम संपलं असं मानणारी मुलं पावसाळ्यात खाडीकाठच्या गावात एकदा जाऊन यावीत. सेव्हचं बटण दाबलं, 'नोंद झाली' असा संदेश आला, आणि अपलोड अजून सुरूही झालेलं नाही: हे मी इतक्या ॲप्समध्ये पाहिलंय की राग येतो. समोरचा माणूस त्या संदेशावर विश्वास ठेवून कागद फाडून टाकतो. ही ॲप्स लिहिणाऱ्या पुष्कळांनी आधी फायरस्टोअर, म्हणजे गुगलच्या फायरबेसमधला नोंदींचा डेटाबेस, वापरलेलं असतं. ते फोनवर नोंद धरून ठेवतं आणि रेंज आली की पाठवतं. फायरबेसच्याच स्टोरेजचं, म्हणजे फायली ठेवायच्या सेवेचं, तसं नाही. ते पुन्हापुन्हा प्रयत्न करतं, पण आपण बदललं नाही तर 10 मिनिटंच. मध्ये ॲप बंद पडलं तर तेही संपलं.

माझी पद्धत अशी. मजकूर आधी फोनवर फाईलमध्ये. त्या क्षणीच तिला कायमचं वेगळं नाव, म्हणजे तीच नोंद दोनदा गेली तरी फाईल एकच राहते आणि दोन फोन एकमेकांचं पुसत नाहीत. मग ॲप बंद असतानाही कामं पार पाडणाऱ्या अँड्रॉइडच्या वर्कमॅनेजरकडे काम सोपवायचं, नेट असेल तेव्हाच, या अटीवर. फोनवरची प्रत अपलोड यशस्वी झाल्याचं उत्तर आल्यावरच काढायची, आणि स्क्रीनवर 'फोनवर आहे' व 'पोचली' हे दोन वेगळे शब्द दाखवायचे.

सर्व्हरची गुप्त की (किल्ली) ॲपमध्ये ठेवू नका. एपीके, म्हणजे ॲपची फाईल, कुणालाही उघडता येते. 'सध्या राहू दे, नंतर काढू' म्हणणाऱ्याने ती नंतर काढल्याचं मी पाहिलेलं नाही. क्लाउडवर कुणी वाचायचं-लिहायचं हे ठरवणारे सुरक्षा नियम सगळ्यांना उघडे ठेवून गावात ॲप वाटणं हाही तसलाच शॉर्टकट. त्या नोंदींत लोकांच्या घामाचे पैसे आहेत.

शेवटची चाचणी मी दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर घेतो. दाभोळच्या धक्क्यावर फोन फ्लाइट मोडवर, दहा नोंदी भरायच्या, ॲप बंद करायचं. पाणी ओलांडून धोपाव्याला उतरलं की मोड काढायचा, चहा घ्यायचा आणि मग क्लाउडवर मोजायचं. नऊच पोचल्या असतील तर त्याच बोटीने परत.