चिप आहे, पण घर सापडत नाही: कुत्र्याच्या कायमच्या ओळखीत या चुका टाळा

ती कुत्री आमच्या निवारा केंद्रात आली तेव्हा गळ्यात पट्टा नव्हता, पण मानेवरचे केस गोलाकार झिजलेले होते. म्हणजे वर्षानुवर्षं पट्टा वापरलेली, कुणाच्या तरी घरातली. तपकिरी रंग, तोंडाभोवती म्हातारपणाची पांढरी झाक. मी दोन खांद्यांच्या मधून स्कॅनर फिरवला, काहीच आलं नाही. सहकाऱ्यानेही फिरवून पाहिला. ‘चिप नाही’ असं कागदावर लिहिणारच होते, तेवढ्यात तिने पुढचा पाय माझ्या मांडीवर ठेवला आणि सहज म्हणून मी स्कॅनर त्या पायावरून खाली नेला. कोपराच्या जरा वर बीप वाजला. पंधरा आकडे समोर आले.

अर्ध्या तासात तो आनंद ओसरला. क्रमांकाची नोंद होती, नोंदीत एकच फोन नंबर होता आणि तो कधीचाच बंद झाला होता. तिला घरी जायला पुढे अकरा दिवस लागले.

हरवलेल्या कुत्र्यांची घरं शोधण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. चिप नसलेला कुत्रा आला की वाईट वाटतं, पण चिप असूनही घर सापडत नाही तेव्हा जास्त जीव तुटतो. घरच्यांनी एवढं केलेलं असतं आणि एखाद्या लहानशा गोष्टीवर सगळं अडतं. अशाच लहान गोष्टींबद्दल हे लिहिते आहे.

चिपला घरचा पत्ता माहीत नसतो

चिप म्हणजे कुत्र्याच्या कातडीखाली टोचलेली, तांदळाच्या दाण्याएवढी काचेची बंद नळी. नेहमीची चिप साधारण १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड असते. आत बॅटरी नसते. स्कॅनर जवळ आणला की त्याच्या लहरींमधून मिळालेल्या ऊर्जेवर ती क्षणभर जागी होते, आपला क्रमांक सांगते आणि पुन्हा गप्प. त्या क्रमांकात तुमचं नाव नसतं, पत्ता नसतो, लशींचा हिशेबही नसतो. हे सगळं कुठल्यातरी नोंदणी संस्थेच्या यादीत त्या क्रमांकापुढे लिहिलेलं असावं लागतं.

‘चिप आहे ना, मग कुत्रा आत्ता कुठे आहे ते बघून सांगा’ असं विचारणारे फोन मला आजही येतात. चिप जीपीएस नाही. हातातला स्कॅनर अगदी काही सेंटीमीटरवर आणल्याशिवाय ती वाचताच येत नाही. कुत्रा कुठे आहे हे दाखवणारं यंत्र पट्ट्याला लावायचं असतं. त्याला चार्जिंग लागतं आणि पट्टा निघाला की तेही जातं. हवं तर दोन्ही वापरा, पण एकाचं काम दुसऱ्याकडून होईल अशी अपेक्षा नको.

चिप बसली, नोंदणी राहिली

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. डॉक्टरांनी चिप टोचली, फाइलवर स्टिकर चिकटवला, एक कागद हातात दिला आणि घरच्यांना वाटलं की काम झालं. कित्येक ठिकाणी नोंदणी आपोआप होत नाही. ती तुम्हाला करावी लागते, किंवा दवाखाना करतो असं गृहीत धरलेलं असतं आणि दवाखान्याने गृहीत धरलेलं असतं की तुम्ही करणार. तेव्हा स्पष्ट विचारा: नोंद कोण करणार, कुठल्या संस्थेकडे आणि झाल्याचा पुरावा कधी मिळणार? मग आठवडाभराने त्या संस्थेत स्वतः क्रमांक टाकून बघा.

दुसरा प्रकार त्याहून फसवा असतो. नोंद असते, पण भलत्याच नावावर. पिल्लू विकणाऱ्याने किंवा दत्तक देणाऱ्या संस्थेने चिप आधीच बसवलेली असते आणि तिच्यापुढे त्यांचंच नाव राहून जातं. कुत्रा सात वर्षं तुमच्या घरात असतो, पण नोंदीत अजून पिल्लूच. मोठा कुत्रा दत्तक घेतला असेल तर पहिल्याच तपासणीत त्याला स्कॅन करून घ्या. चिप निघाली तर ती स्वतःच्या नावावर करून घ्या. न तपासता नवी चिप बसवली तर अंगात दोन चिपा होतात. मग जुनी आधी वाचली गेली की फोन जुन्या माणसाला जातो.

कागदावरून आकडे उतरवतानाही चुका होतात. पंधरा आकड्यांत एका आकड्याची अदलाबदल झाली की ती नोंद असून नसल्यासारखी. चिपच्या पाकिटात बारकोडची स्टिकरं येतात. हाताने लिहिण्यापेक्षा एक स्टिकर लशींच्या पुस्तिकेत लावा आणि त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा.

नंबर बदलला, नोंद तीच राहिली

अमेरिकेतल्या ५३ निवारा केंद्रांमध्ये आलेल्या चिपवाल्या प्राण्यांचा एक अभ्यास २००९ साली तिथल्या पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. भटकत आलेल्या एकूण कुत्र्यांपैकी २१.९ टक्के घरी परतले होते, तर चिप असलेल्यांपैकी ५२.२ टक्के. फरक मोठा आहे आणि चिप का बसवावी याचं उत्तर त्यातच आलं. पण चिप असलेल्यांतलेही जवळपास निम्मे परतले नाहीत. ज्यांचे मालक सापडले नाहीत त्यांच्यात सगळ्यात मोठं कारण होतं फोन नंबर चुकीचा किंवा बंद असणं. आमच्या म्हाताऱ्या कुत्रीचं नेमकं हेच झालं होतं.

इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०१६ पासून आठ आठवड्यांवरच्या कुत्र्यांना चिप सक्तीची आहे आणि तिथे नोंदीतली माहिती ताजी ठेवणं हीसुद्धा कायद्याने मालकाची जबाबदारी आहे. मला हे फार योग्य वाटतं. चिप एकदाच बसते, माणसं मात्र घरं बदलतात, सिमकार्डं बदलतात.

नोंदीत किमान दोन नंबर द्या आणि दुसरा नंबर त्याच घरातल्या माणसाचा नको. तुम्ही सगळे गावाला गेला असाल आणि सांभाळायला ठेवलेल्या ठिकाणाहून कुत्रा पळाला, तर तुमच्याकडे बातमी पोचवणारं कुणीतरी हवं. नोंद तपासायला एक दिवस ठरवून टाका. वार्षिक लशीचा दिवस सगळ्यात सोयीचा, कारण त्याच दिवशी पुढचंही एक काम उरकता येतं.

चिप ‘वाचली जात नाही’ तेव्हा

लशीसाठी जाल तेव्हा डॉक्टरांना म्हणा, ‘जरा चिप वाचून बघता का?’ दोन मिनिटांचं काम असतं. क्रमांक तुमच्याकडच्या स्टिकरशी ताडून पाहा. चिप बंद पडणं क्वचित घडतं, पण बंद पडली असेल तर ते घरी असतानाच कळलेलं बरं. बसवतानाही चिप टोचण्याआधी एकदा आणि टोचल्यावर एकदा वाचायलाच हवी. कधी कधी सुई बाहेर काढताना चिप केसांत अडकून तिच्याबरोबर बाहेर येते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. टोचल्यावर ती जागा मिनिटभर दाबून धरावी, आणि त्या दिवशी तिथे चोळू नये, आंघोळ घालू नये.

बसवण्याची जागा बहुतेक ठिकाणी दोन खांद्यांच्या मधोमध, कातडीखाली असते. युरोपातल्या बऱ्याच देशांत मानेच्या डाव्या बाजूला बसवतात. पण चिप सरकू शकते. खांद्यावर, छातीच्या बाजूला, पायावरून कोपरापर्यंत उतरलेल्या चिपा मी पाहिल्या आहेत. कुत्र्याला त्याचा काही त्रास होत नाही. त्रास होतो तो शोधणाऱ्याला, आणि तोही फक्त एकाच जागी शोधणाऱ्याला.

म्हणून ज्यांच्या हातात स्कॅनर आहे त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर सांगते. कुत्र्याला लोखंडी किंवा स्टीलच्या टेबलावर ठेवून स्कॅन करू नका. साखळी, धातूची कडी असलेला पट्टा आधी काढा. धातूमुळे स्कॅनरच्या लहरींत अडथळा येतो. स्कॅनरची बॅटरी पूर्ण चार्ज असू द्या. मग स्कॅनर केसांना टेकवून अगदी सावकाश फिरवा. घाईत फिरवणं हीच इथली मोठी चूक. बरेच स्कॅनर एकामागून एक वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी तपासत असतात. तुम्ही भराभर पुढे गेलात तर हवी ती फ्रिक्वेन्सी येण्याआधीच चिपची जागा मागे पडते. खांद्यांपासून सुरुवात करून नागमोडी वळणं घेत पाठीवर या, मग मानेच्या दोन्ही बाजू, छाती आणि दोन्ही पुढचे पाय कोपरापर्यंत. स्कॅनरचा कोन थोडा बदलून तेच पुन्हा करा, कारण चिप कशी आडवी-उभी बसली आहे यावर ती वाचली जाणं अवलंबून असतं. जाड कुत्रा असेल किंवा केसांच्या गाठी झाल्या असतील तर आणखी एकदा.

एवढं करूनही काही आलं नाही, तर दुसऱ्या स्कॅनरने बघा. सध्या जगभर चालणाऱ्या चिपा आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांनुसार असतात: १५ आकडे, १३४.२ किलोहर्ट्झ. पण जुन्या काही चिपा १२५ किंवा १२८ किलोहर्ट्झवर चालतात आणि त्यांचे आकडेही कमी असतात. एकाच प्रकारची चिप ओळखणारा स्कॅनर अशा कुत्र्यापुढे गप्प बसतो.

क्रमांक आला, पण नोंदच सापडत नाही? लगेच हात टेकू नका. नोंदणी संस्था बऱ्याच आहेत आणि त्यांच्या याद्या एकमेकींशी जोडलेल्या असतीलच असं नाही. युरोपात युरोपेटनेटवर अनेक संस्थांच्या नोंदी एकाच ठिकाणी शोधता येतात. त्याशिवाय क्रमांकाचे पहिले तीन आकडे बघा. ते ९ ने सुरू होत असतील तर तो उत्पादकाचा संकेतांक असतो, नाहीतर देशाचा. उत्पादकाकडे विचारणा केली तर ती चिप कुणाला विकली हे कळू शकतं आणि तिथून दवाखाना सापडू शकतो. आमच्या कुत्रीचा माग असाच लागला. दवाखान्यातल्या जुन्या कार्डावर मागच्या बाजूला पेन्सिलने आणखी एक नंबर लिहिलेला होता, घरातल्या लग्न झालेल्या मुलीचा. ती घ्यायला आली तेव्हा अजून जिन्यातच होती, कुणाशी तरी बोलत. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असलेली म्हातारी तो आवाज ऐकून उठून उभी राहिली.

गोंदणावर विसंबून राहणं

कानाच्या आत किंवा मांडीच्या आतल्या बाजूला गोंदलेला क्रमांक ही चिपच्या आधीची पद्धत. स्कॅनर लागत नाही, नुसत्या डोळ्यांना दिसतो, हा तिचा खरा फायदा. पण शाई फिकट होते. पिल्लाच्या कानात गोंदलेले आकडे कान वाढला की पसरतात आणि ३ चा ८ दिसायला लागतो. वरून केस वाढले की तेही दिसत नाहीत. शिवाय वाचणाऱ्याला हा क्रमांक कुठल्या यादीतला हे कसं कळावं? युरोपीय संघात प्रवासासाठी ३ जुलै २०११ पूर्वी केलेलं आणि स्पष्ट वाचता येणारं गोंदणच फक्त चालतं, त्यानंतर चिप हवी. तुमच्या कुत्र्याला गोंदण असेल तर राहू द्या, पण चिपही बसवा. गोंदणाचा क्रमांक चिपच्या नोंदीतल्या शेऱ्यात लिहून ठेवा.

रस्त्यावरच्या कुत्र्याच्या कानाला खाच दिसली म्हणजे त्याची नसबंदी झाली आहे, एवढंच सहसा कळतं. त्यावरून तो कुणाचा हे ठरत नाही.

नाकाच्या ठशाबद्दल अलीकडे बरंच विचारलं जातं. कुत्र्याच्या नाकावरच्या रेषा एकासारख्या दुसऱ्याच्या नसतात हे खरं आहे, पण ठसा जुळवून पाहायला तो आधी कुठेतरी जमा केलेला हवा. सापडलेल्या कुत्र्याचं नाक बघून त्याचं घर सांगेल अशी सगळ्यांची सामाईक यादी नाही. डीएनएचंही तेच. कुत्रा कुणाचा यावर वाद झाला तर हे पुरावे उपयोगी पडतात, पण घर शोधायला चिपच बरी. वादासाठी आणखी एक साधा पुरावा जमवून ठेवा: दोन्ही बाजूंनी, समोरून आणि अंगावरच्या खास खुणांचे जवळून काढलेले फोटो, आणि दवाखान्याची बिलं.

चिप आहे म्हणून पट्टा काढून ठेवणं

चिप वाचायला स्कॅनर लागतो. शेजारच्या गल्लीतल्या ज्या बाईला तुमचा कुत्रा सापडतो तिच्याकडे स्कॅनर नसतो, फोन असतो. बिल्ल्यावर नंबर असेल तर कुत्रा दहा मिनिटांत घरी. बिल्ल्यावरची अक्षरं बोटाने चाचपून बघा, घासून सपाट झाली असतील तर नवा करा. बिल्ला अडकवायची कडी वाकलेली आहे का तेही बघा, कारण बिल्ले बहुतेक तिथूनच पडतात. मानेच्या आणि पट्ट्याच्या मधे दोन बोटं जावीत, जास्त नकोत. ‘मला चिप आहे’ एवढे शब्द बिल्ल्यावर असले तर सापडवणारा माणूस कुत्र्याला दवाखान्यात नेतो.

परदेशी नेताना उलटा क्रम

आधी रेबीजची लस आणि नंतर चिप, असा क्रम झाला की बऱ्याच देशांच्या नियमांनुसार ती लस धरलीच जात नाही. लस टोचली तो कुत्रा हाच, हे सिद्ध करायला चिप लशीच्या आधी किंवा त्याच दिवशी, पण लशीपूर्वी हवी. नाहीतर लस पुन्हा, थांबणं पुन्हा.

कुत्रा हरवला त्या दिवशी

पहिल्या तासाभरात नोंदणी संस्थेला कळवून क्रमांकापुढे ‘हरवला’ अशी खूण करून घ्या आणि तुमचे फोन नंबर त्याच वेळी तपासा. नोंद जुनी निघाली तर ती हरवल्यानंतरही दुरुस्त करता येते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. आसपासच्या दवाखान्यांना आणि निवारा केंद्रांना पंधरा आकडी क्रमांक लिहून पाठवा. ‘तपकिरी, मध्यम उंचीचा’ अशा वर्णनाचे कुत्रे आमच्याकडे एका आठवड्यात चार येतात. अनोळखी नंबरवरून आलेला फोन उचला. केंद्रांत स्वतः जाऊन बघा, कारण आमच्याकडूनही चिप राहून जाते, कोपरापर्यंत उतरलेली.

‘तुमचा कुत्रा सापडलाय, आधी पैसे पाठवा’ असा फोन आला तर चिपचा क्रमांक विचारा. जाहिरातीत क्रमांक छापला नसेल तरच हा प्रश्न उपयोगी पडतो, म्हणून तो दवाखान्यांना आणि केंद्रांनाच द्या, भिंतीवरच्या कागदावर छापू नका.

आणि कुत्रा घरी आला की ‘हरवला’ ही खूण काढायला सांगा. ती तशीच राहिली तर पुढच्या खेपेला दवाखान्यात चिप वाचली जाईल तेव्हा तुमच्या स्वतःच्याच कुत्र्याबद्दल चौकशी सुरू होईल.