सोमवारी मॅक्रोला हात घालण्याआधी

सोमवारी फोंड्याला आलास की लगेच कामाला बसता यावे, म्हणून काय काय तयार करून आणायचे ते लिहितो. काम तुला ठाऊक आहे: आपले टूल सी कोडमध्ये ठरलेल्या जागी नोंद घेणारा कॉल घुसवते, आणि मॅक्रो (ज्या नावाच्या जागी कंपाइल करताना ठरलेला कोड येतो ते) आडवा आला की भलतीकडेच घुसवते.

आधी विजेचे बघ. पाऊस लागला की लाइट जाते, मग कधी येईल याचा नेम नाही. म्हणून क्लँग या सी कंपाइलरचे बिल्ड इथे सुरू करायचे नाही. घरी करून आण, तेही रिलीज प्रकारचेच. चुका शोधण्यासाठीच्या डीबग प्रकारात लिंक करताना रॅम पुरत नाही. खरे तर लिनक्स डिस्ट्रोचे तयार डेव्हलपमेंट पॅकेज टाकलेस तरी भागेल, आपल्याला क्लँग बदलायचा नाहीये. सीमेक या बिल्ड मांडणाऱ्या साधनाकडून कंपाइल कमांड्सची जेसन फाइल मात्र काढून ठेव. ती नसली की हेडर (अनेक फाइलींत ओढून घेतलेल्या सामायिक फाइली) सापडत नाहीत आणि मॅक्रोची व्याख्याच दिसत नाही.

मग एक गोष्ट डोक्यात पक्की करून ये. मंगेशीचा देव कुठला? प्रियोळचा म्हटले तरी खरे, कुठ्ठाळीचा म्हटले तरी खरे; १५६० मध्ये कुठ्ठाळीहून प्रियोळला आणला. मॅक्रोतून आलेल्या टोकनचेही, म्हणजे कोडमधल्या सुट्या शब्दाचे किंवा चिन्हाचेही, असेच. अक्षरे जिथे लिहिली ते स्पेलिंग लोकेशन, मॅक्रो जिथे वापरला ते एक्सपान्शन लोकेशन. क्लँगमध्ये लोकेशन म्हणजे ३२ बिटांचा एक आकडा. त्यातला सर्वात वरचा बिट सांगतो की जागा फाइलमधली की मॅक्रोतली. बाकी सगळे सोर्स मॅनेजरला, म्हणजे क्लँगमधल्या जागांचा हिशेब ठेवणाऱ्या भागाला विचारायचे. जुन्या कोडमध्ये 'इन्स्टॅन्शिएशन' दिसले तर घाबरू नकोस, ते एक्सपान्शनचेच जुने नाव.

चाचणीची छोटी फाइल तूच लिही, माझी घेऊ नकोस. पहिला मॅक्रो 'दुप्पट' असू दे, ज्यात 'क' दोनदा येतो: क अधिक क. त्याला एखादा फंक्शन कॉल आर्ग्युमेंट म्हणून दे. फाइलमध्ये तो कॉल एकदाच लिहिलेला, पण सिंटॅक्स ट्रीमध्ये (क्लँगने मांडलेल्या कोडच्या रचनेच्या झाडात) दोनदा भेटतो, आणि दोघांचे स्पेलिंग लोकेशन एकच. टूलने दोन्ही भेटींत बदल केला तर एकाच जागी दोन नोंदी चिकटतात. म्हणून केलेल्या जागांची यादी ठेवावी लागते.

दुसरा मॅक्रो दुहेरी हॅशने नाव जोडणारा. त्या टोकनची अक्षरे कुठल्याच फाइलमध्ये नसतात, क्लँगच्या स्क्रॅच स्पेसमध्ये, म्हणजे मेमरीतल्या कच्च्या जागेत असतात. तिथे लिहायला जाऊ नये. तिसरा अर्धवट महिरपी कंस उघडणारा. तिथे सुरुवात मॅक्रोत आणि शेवट बाहेर, त्यामुळे लेक्सरकडे (मजकुराचे टोकन पाडणाऱ्या भागाकडे) फाइलमधली रेंज मागितली तर ती अवैध येते. तसे झाले की हात न लावता पुढे जायचे.

हे शिकायला मला एक हेडर बिघडवावे लागले. आर्ग्युमेंटमधून आलेले आणि मॅक्रोच्या पोटातून आलेले यांत फरक न करता मी सरसकट स्पेलिंग लोकेशन घेतले. बदल हेडरमधल्या व्याख्येत गेला आणि तो मॅक्रो वापरणारी प्रत्येक फाइल नोंदी ओकू लागली. गेट फाइल लॉक (getFileLoc; इथे लॉक म्हणजे लोकेशन) नावाचे क्लँगमधले फंक्शन हा फरक स्वतः करते: आर्ग्युमेंट असेल तर लिहिलेली जागा, नसेल तर वापरलेली. त्याचा कोड वाचून ये, दहाएक ओळींचाच आहे. आणि रेंजचा शेवट म्हणजे शेवटच्या टोकनची सुरुवात, शेवट नव्हे. इथे सगळेच एकदा आपटतात.

तुलनेसाठी जीसीसी हा दुसरा सी कंपाइलरही असू दे. त्यात मॅक्रोचा माग ठेवण्याची पातळी ० ते २ अशी देता येते, मुळात २ असते. ० करून त्याच फाइलवर चूक काढून बघ, काय हरवते ते दिसेल. क्लँग मात्र मॅक्रोची साखळी सहाच कड्यांपर्यंत छापतो, ती मर्यादा ० दिली की उठते.

आणि चाचणीची फाइल गिटमध्ये कमिट करूनच आण. आपले टूल जागच्या जागी लिहिते, जुनी प्रत ठेवत नाही.